सापळ्यातला हत्ती

कवळी पुन्हा गायब झाली होती. कपाटातून नाही, कॉम्प्युटरमधून. कपाटात ती डबीत बसून तात्यांकडे बघत निवांत दात काढत होती.

तात्या म्हणजे बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीचे कारकून. प्रवासी जे जे विसरतील ते आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं, असा हुकूम निघाला होता. तात्या रोज कवळी चढवायचे, 'जतन करा' दाबायचे आणि यादी उघडायचे. कवळी नाही, कुबडी नाही, बासरी नाही. नुसत्या छत्र्या! मग बिचारे कवळीपासून पुन्हा सुरुवात करायचे.

शेवटी ते साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

"साहेब, कुणीतरी नोंदी उडवतंय."

"कोण?"

तात्यांनी भुवईनेच काचेपलीकडे दाखवलं. तिथे मावशी शिक्के मारत बसल्या होत्या. पंख्याखालची खुर्ची आधी त्यांची होती. कॉम्प्युटर आला आणि तिच्यावर तात्या बसले.

"मग छत्र्या का नाही उडवत त्या?"

"तीच तर चलाखी! सगळंच उडवलं तर संशय नाही का येणार?"

"हे बघा तात्या, उद्या तपासनीस बाई येतायत. कॉम्प्युटर आणि कपाट जुळलं नाही, तर ती खुर्ची मावशींना परत. मला कारणं नकोत."

तात्यांनी सापळा लावला. 'सोन्याचा हत्ती, नग एक' अशी नोंद ठोकली, मावशींना ऐकू जाईल इतपत हळू "बापरे, काय माल आलाय!" म्हणाले आणि चहाला गेले. येऊन बघतात तर हत्ती गुल!

"मावशी, हत्ती कुठाय?"

"कुणाचा?"

"भोळा चेहरा नका करू! सोन्याचा होता!"

"तात्या, झोप लागते ना हो नीट?"

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. स्क्रीनकडे बघून खुर्चीत न बसताच म्हणाल्या, "अहो, वर शोधाच्या चौकोनात 'छत्री' लिहून ठेवलंय. मग यादीत छत्र्याच दिसणार ना!"

त्यांनी तो शब्द पुसला आणि यादी भसाभसा बाहेर पडली. कुबडी, बासरी, कवळी, कवळी, कवळी, परत कवळी. आणि तळाशी हत्ती.

"बघा, सगळं आहे!" तात्या ओरडले.

"छान. हत्ती दाखवा."

तात्यांनी घाईघाईने माउस पकडला. "तो... तसा नाहीये तो. थांबा, काढून टाकतो."

स्क्रीनवर पाटी आली, 'वस्तू मालकाला दिल्याशिवाय नोंद काढता येणार नाही.'

"सोन्याची वस्तू नोंदवलीत आणि आता गुपचूप काढताय?" बाईंनी चष्मा काढला. साहेबांनीही तात्यांपासून दोन पावलं लांब सरकून घेतलं.

तेवढ्यात मावशी उठल्या. तात्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "खुर्ची?"

"घ्या!"

"हत्ती माझाय बाई," मावशी मोठ्याने म्हणाल्या. "शोकेसमधला. कालच घरी नेला, सही तेवढी राहिली." आणि त्यांनी झोकात सही केली.

"आणि या कवळ्या? कपाटात तर एकच आहे."

"बाकीच्या तात्यांच्या. फार विसरभोळे आहेत हो. बसमध्ये चढले की विसरलेच!"

बाई तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तात्यांनी ओठ आत ओढून घेतले आणि एकेका कवळीपुढे सही केली.

संध्याकाळी शिक्क्यांच्या टेबलाशी, डुगडुगत्या स्टुलावर तात्या घाम पुसत बसले होते. एकदम त्यांचा हात थांबला. आपण तर कधी छत्री शोधलीच नव्हती!

त्यांनी मान वर केली. पंख्याखाली मावशी पाय पसरून बसल्या होत्या. खुर्चीच्या हाताला एक लांब दांड्याची जुनी छत्री अडकवलेली होती.

"मावशी, ही तुमची हरवलेली ना? कधी सापडली?"

"सॉफ्टवेअर आलं त्याच दिवशी. तुम्ही चहाला गेला होतात," मावशी म्हणाल्या. "किती सोपंय हो ते! नाव टाकलं की वस्तू हजर. तुम्ही उगाच बाऊ करता."