तिले श्वास घेऊ दे!

देवराव कोणाच्याही घरी जेवायले बसला, की आधी ताट वाजवून पाहते. रिकामं ताट तीन बोटांवर तोलायचं, टिचकी मारायची अन् डोळे मिटायचे. माझ्या नातीच्या साक्षगंधात व्याह्यांसमोर त्यानं हेच केलं. नवरदेवाचा बाप घाबरला. "काही चुकलं का जी?"

"तुमचं नाही, ताटाचं. स्टीलचं हाय. बोलतच नाही बिचारं."

मग वरण मागून मागून जेवला.

असा हा माझा दोस्त. गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलण्यात आम्हा दोघांची उमर गेली. शाळा मी अर्ध्यात सोडली, त्यानं तर पाहिलीच नाही. पण त्याच्यासारखा झांज वाजवणारा अख्ख्या नागपुरात दाखवा, मी मिशी उतरवतो. आमच्या भजन मंडळाचा अध्यक्ष मी आहे, तेव्हा हे अध्यक्षाचं बोलणं समजा.

आमची झांज म्हणजे काशाच्या दोन जाड थाळ्या, मधात फुगीर, दोरीनं धरायच्या. नवा माणूस त्या टाळीसारख्या समोरासमोर आपटते. मधात हवा कोंडते अन् आवाज फसकन् मरते. की देवराव ओरडलाच, "गळा काहून दाबतं गा तिचा? तिरपी लाव! तिले श्वास घेऊ दे!" कडेले बोट लागलेलंही त्याले सोसत नाही. एकदा उद्घाटनाले आलेल्या पाहुण्यानं फोटोसाठी झांज हाती घेतली, अंगठा कडेवर. देवरावनं भर मांडवात त्याचा अंगठा सोडवला. "साहेब, मान सोडा तिची."

यंदा त्याच झांजेले चीर गेली. देवरावनं चिरेच्या टोकाशी बारीक छिद्र पाडलं. म्हणे, आता चीर पुढं धावत नाही. धावली नाही, पण आवाज खरखरू लागला. स्पर्धा तोंडावर आलेली. मंडळातल्या पोरांनी पितळेची नवी, हलकी जोडी आणली.

"काका, जुनी आता अजबखान्यात द्या."

"मग मलेबी तिथंच नेऊन बसवा," म्हणून देवराव झांज घेऊन उठून गेला. तालमीले येणंच बंद.

त्याले समजवायले मी नवी जोडी पिशवीत घालून दुपारी त्याच्या घरी गेलो. वहिनीचे कान या उन्हाळ्यात पार गेले होते, मशीनचाही उपयोग नव्हता. ती तांब्याचं घंगाळ पोटाशी धरून बसली होती. समोर देवराव जुनी झांज वाजवून राहिला होता, अन् वहिनी भजन म्हणत होती. सूर इकडंतिकडं, पण ताल पक्का.

मले पाहून देवराव ओशाळला. "घंगाळ थरथरते ना, ताल तिच्या हातात जाते. स्पर्धेले पहिल्या रांगेत बसतो म्हणते, घंगाळ घेऊन. जाड कासं पोटातून बोलते गा. पितळ नुसतं वरच्यावर किंचाळते."

"मग पोरांले सांगितलं काहून नाही?"

"हासतीन तिले."

मी नवी जोडी त्याच्या हातात दिली. "वाजव. मले पाहू दे."

त्यानं मन लावून वाजवली. माझे कान किटले. वहिनी ओळीच्या मधातच थांबली. दोन्ही तळहात घंगाळावर फिरवले, अन् नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काहून थांबले जी?"

देवरावचे हात चालूच होते. मीच ते धरले अन् जोडी पिशवीत टाकली.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, झांज खरखरते. परीक्षकाले काय समजते! पहिल्या रांगेत आमची वहिनी शेवटच्या ओळीपर्यंत तालात गात होती, अन् आमचे पोरं तिच्याकडे पाहून अजून जोरात गात होते. हासलं कोणी नाही. कोण हासणार? घंगाळ रिक्शातून उतरवून मांडवात डोक्यावर घेऊन गेलो मी, मंडळाचा अध्यक्ष.