देवकाताईंच्या बैठकीतला खांब

आमच्या घराला नवं लोखंडी गेट बसलं, त्या दिवशी शेजारच्या देवकाताई आल्या, चपला काढल्या आणि गेटच्या वरच्या दांडीला लटकल्या. पदर खोचलेला, पाय अधांतरी, वय अठ्ठावन्न. माझ्या हातातला चहा माझ्याच पायावर सांडला. अर्ध्या मिनिटाने त्या उतरल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "मजबूत हाये गुरुजी. वजन देल्याशिवाय समजत नाइ."

गोंदियाजवळ फुलचूरला राहायला आल्यापासून मला असे धक्के बसतच आहेत. बसमधली दांडी असो, बगिच्यातला झोपाळा असो, कडुनिंबाची फांदी असो, देवकाताई वजन दिल्याशिवाय कशावर भरवसा ठेवत नाहीत. माणसांनाही हाच नियम. मी शेजारी आलो त्याच दिवशी त्यांनी मला भरलेलं सिलिंडर आत न्यायला बोलावलं होतं. पास झालो म्हणूनच पुढे चहा मिळाला.

अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून त्यांनी उभा तालुका पालथा घातला. आईवडील लवकर गेले, मागे गावी, कामठ्याला, चार लहान भावंडं. त्यांची शिक्षणं, त्यांची लग्नं करता करता यांचं राहून गेलं. तिघं आता दिवाळीला फोन करतात. धाकटा हिरालाल मात्र दर आयतवारी कामठ्याहून मोटारसायकलवर येतो, शेतातली भाजी ठेवतो, जेवतो आणि जातो. ताईंच्या आठवड्यात एवढा एकच पाहुणा.

गेल्या उन्हाळ्यात त्या नागपूरला भाचीकडे गेल्या आणि आल्या आल्या मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. छतापर्यंत गेलेला गुळगुळीत खांब आणि त्याला पाय अडकवून उलटी लटकलेली एक मुलगी. खाली गाणं चालू. मी चष्मा काढून पुसला.

"हे मी घरी लावून राहिली," ताई म्हणाल्या.

भाचीच्या नाचाच्या क्लासमध्ये त्यांनी दोन दिवस नुसता खांब धरून पाहिला होता आणि तिसऱ्या दिवशी हातभर वर गेल्या होत्या. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुमच्या बैठकीत तर नाही न लावत. मी गणिताचा मास्तर; असल्या उत्तरांपुढे माझं काही चालत नाही.

पहिल्यांदा आम्ही गोंदियाच्या बाजारात पाइपाच्या दुकानात गेलो. मोजमापाला माणूस हवा म्हणून मला नेलं होतं. दुकानदाराने सरळ विचारलं, "मॅडम, रेलिंग के लिए चाहिए क्या?" ताई म्हणाल्या, "नाइ, नाचाले." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी बादल्यांकडे पाहिलं. ताईंचा अभ्यास मात्र पक्का होता. जाडी पंचेचाळीस मिलिमीटर, कारण त्यांच्या मुठीत तेवढीच बसते. पितळेचा धरायला चांगला, पण स्टीलचा टिकायला चांगला. फिरणारा नको, डोकं गरगरते. दुकानातल्या पाइपावर त्यांनी बोट फिरवलं, जोडाची रेघ शोधून काढली आणि मांडीची सालटी निघतील म्हणून तो नाकारला. 'मांडी' हा शब्द त्यांनी भर दुकानात उच्चारला, तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

शेवटी भाचीने तयार खांब मागवून दिला आणि लगेच ही बातमी कामठ्यालाही पोचवली. हिरालालचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो, स्पीकर चालू होता. साठीला आलेली बाई हाफ पँट घालून खांबावर चढणार, गावात काय तोंड दाखवू, असं बरंच झालं. मग तो म्हणाला, "बाई, आयतवारी पाना घेऊन येऊन राहिलो. तो खांब निघला नाइ तं तुया घरात पाय नाइ ठेवत मी."

ताई एवढंच म्हणाल्या, "खांब राहीन." फोन ठेवल्यावर मला दोनदा विचारलं, "येईन नं तो?"

शनिवारी मिस्त्री आला. कागदावर लिहिलं होतं की खांब छताला घट्ट दाबून बसवा. त्याने दाबला. छत होतं पीओपीचं, ते ताटाएवढं फुटून शोकेसवर आलं. मी ओरडलो, ताई नाही. त्यांनी मिस्त्रीला भोक मोठं करायला लावलं, वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत पोचायला लावलं, चार बोल्ट ठोकून घेतले आणि ओळंबा धरून स्वतः पाहिलं. खाली गादीऐवजी भाताच्या तणसाने ठासून भरलेली पोती मांडली.

इथे माझ्या आईने घोटाळा केला. तीही बघायला आली होती, वय ऐंशी. घरात खांब उभा राहिला आणि कोणी हळद लावली नाही, हे तिला बघवेना. आमच्याकडे लग्नाच्या मांडवाची मेढ गाडली की तिला हळद-तेल लावतात. ताई आत कपडे बदलायला गेल्या तेवढ्यात आईने वाटीभर तेलात हळद कालवली आणि हात पुरेल तिथवर खांब माखून काढला. वर कुंकू. वर आंब्याची डहाळी.

ताई काळी हाफ पँट घालून बाहेर आल्या. मी कॅलेंडर वाचायला लागलो. मागे उडी मारल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ पोत्यांवर धप्प. मला वाटलं, आता आईची खैर नाही. पण ताई तशाच पोत्यांवर बसून आपले पिवळे तळवे पाहत राहिल्या. मी फडकं आणलं तर म्हणाल्या, "आज राहू द्या."

आयतवारी हिरालाल आला तेव्हा आम्ही घरचे सगळे ताईंकडेच होतो. एका हातात भाजीची थैली, दुसऱ्या हातात पाना. दारातच थबकला. खांबाकडे पाहिलं, डहाळीकडे पाहिलं.

"हळद कोणं लावली?"

आई म्हणाली, मी लावली. हिरालालने पाना थैलीत टाकला. हळद लागलेली मेढ कार्य झाल्याशिवाय उपटत नाहीत, हे त्याला सांगायची गरज नव्हती. आठवडाभर मी त्याला समजावायचे मुद्दे पाठ करत होतो. तो दाराबाहेरूनच म्हणाला, "पण कार्य कोणाचं हाये?"

"तुमा चवघाचे मांडव मी उभे केले, हिरा," ताई म्हणाल्या. "चारी वेळा हळद मीच दळली. माया नावानं कोणी खांबाले हळद लावली, ते काल पह्यल्यांदा."

त्या रडल्या नाहीत. इतकी वर्षं मी या बाईच्या गमती शाळेत रंगवून सांगत होतो, त्याची त्या क्षणी लाज वाटली.

हिरालालने भाजीची थैली उंबऱ्याच्या आत ठेवली. मग विचारलं, "कार्य पार कवा पडते मंग?"

"मी वरपर्यंत चढली का झालं."

"मंग चढ."

त्याने चपला काढल्या आणि आत आला. स्पिरिटचं फडकं घेऊन स्वतः खांब पुसला, बुडाशी वीतभर हळद तेवढी ठेवली. ताई आत जाऊन हाफ पँट घालून आल्या आणि त्यांनी खांब धरला. पहिल्यांदा घसरल्या, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पाय हिरालालच्या डोक्यापर्यंत गेले. मोठ्या बहिणीच्या उघड्या पायांकडे बघायचं कसं, म्हणून त्याने मान खाली घातली होती, आणि पडली तर झेलता यावी म्हणून दोन्ही हात वर धरले होते. बायकोने चहा आणला, तो थंड झाला. हिरालालने ना मान वर केली, ना हात खाली घेतले.