गॅफरचं पाणी

स्टोयान गॅफर माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, कंबरेकडे बघतात. ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझी बायको मेघना चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवून आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. "हा माणूस मला बरा वाटत नाही," असं तिने स्वयंपाकघरातून व्हॉट्सॲपवर कळवलं. मलाही तो फारसा बरा वाटत नव्हता. गॅफरांचं म्हणणं मात्र सरळ होतं. "चेहरा खोटं बोलतो, पाय खोटं बोलतात, कंबर नाही बोलत. फॉरवर्ड कुठे पळणार ते आधी कंबरेला कळतं."

गॅफर म्हणजे इकडच्या बोलीत फुटबॉल टीमचा मॅनेजर. आमची टीम म्हणजे परदेशातल्या आमच्या स्वोर्ड्स गावातली मराठी पोरं. पोरं म्हणजे चाळिशीला टेकलेले, गुडघ्याला पट्टा बांधून उतरणारे सॉफ्टवेअरवाले. रविवारच्या लीगमध्ये आम्ही सगळ्यात खाली असतो. स्टोयान माझे शेजारी. एकटेच राहतात आणि एअरपोर्टच्या कार पार्कमध्ये नोकरी करतात. बल्गेरियात आपण नामांकित डिफेंडर होतो आणि नंतर मॅनेजर झालो, हे त्यांनीच सांगितलं. मी इंटरनेट पालथं घातलं, पण काही सापडलं नाही. तसं विचारलं तर म्हणाले, "चांगला डिफेंडर कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो ज्याने चूक केली." हा बाबा थापा मारतोय, असं माझं मत झालं.

मॅनेजर म्हणून आपली कारकीर्द सांगताना ते सामन्यांबद्दल कमी आणि हकालपट्ट्यांबद्दल जास्त बोलायचे. एका क्लबने त्यांना चालत्या बसमध्ये काढलं, एकाने कुणाच्यातरी लग्नाच्या जेवणात. तिसऱ्या ठिकाणी बेल वाजली म्हणून यांनीच दार उघडलं, तर बाहेर नवा मॅनेजर उभा. तेव्हापासून "गॅफर, एक मिनिट" म्हटलं की ते विचारतात, "माझ्या जागी कोण येतोय?" आपल्याला फक्त बाथरूम कुठे आहे ते हवं असतं.

पण खरी भानगड पाण्याची होती. मॅचआधी आम्ही चेंजिंग रूममधून बाहेर पडायला लागलो की हा माणूस खिशातून बाटली काढायचा, पुटपुटत दाराच्या उंबऱ्यावर ओतायचा आणि आम्हाला त्यावरून जायला लावायचा. एका रविवारी आमचा गोलकीपर जोगळेकर त्यावरून घसरला आणि सुजलेलं कोपर घेऊन त्याने सात गोल खाल्ले. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी मीटिंग झाली.

"आपण दर रविवारी उतारा ओलांडतोय," जोगळेकर म्हणाला. "आणि दर रविवारी हरतोय. हे स्ट्राँग कोरिलेशन आहे रे." तो डेटा सायंटिस्ट आहे. एरवी कशावर विश्वास ठेवत नाही, पण बर्फाची पिशवी कोपराला लावून तो असा काही बोलला की कुणी हसलं नाही. गॅफरला काढायचं ठरलं. शेजारी म्हणून सांगायचं मी.

शनिवारी दुपारी मी बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, माझ्या कंबरेकडे पाहिलं आणि म्हणाले, "काढायला आलास."

"आत बसून बोलू या का?"

"बसून काढलं की जास्त लागतं. जमत नसेल तर मी मदत करतो. 'स्टोयान, तू माणूस चांगला आहेस' इथून सुरुवात कर. सगळे तिथूनच करतात."

मला रागच आला. म्हटलं, "ते पाणी कशाला ओतता तुम्ही?"

ते गोंधळले. मग मला आत घेऊन त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे घरातलं कुणी मोठ्या कामाला निघालं की आई उंबऱ्यावर पाणी ओतते. पाणी जसं वाहत जातं तसं काम व्हावं, कुठे अडू नये. "माझ्या प्रत्येक मॅचला माझ्या आईने ओतलं. तुम्हा सगळ्यांच्या आया लांब आहेत. म्हणून मी ओततो."

माझी आई सांगलीला असते. परीक्षेला निघताना ती हातावर दही ठेवायची. मी उगाच म्हटलं, "पण आपण हरतो की."

"हरतो, कारण तुम्ही वाईट खेळता. त्यात पाण्याचा काय दोष?"

"आणि तुमच्यासाठी आता कोण ओततं?"

"मॅनेजरसाठी?" ते म्हणाले. "मॅनेजरला काढून टाकतात रे. त्याला निरोप द्यायला कुणी दारापर्यंत येत नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. "उद्या गोलमध्ये कोण?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी खरंच विचारतोय की फसवतोय, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. "जोगळेकरच," ते शेवटी म्हणाले. "कोपर बांधून दे त्याचं. संशयी माणूस गोलमध्ये बरा."

मग चहासाठी किटली भरतो म्हणून ते आत गेले. नळ चालू झाला तो चालूच राहिला. किटली भरायला एवढा वेळ लागत नाही.