मामांच्या आतड्याचा मान

माझ्या पुतणीच्या लग्नात, मठ्ठा वाढून झाल्यावर, नवऱ्या मुलाच्या मामांचं आतडं रुसलं.

त्र्यंबकराव त्यांचं नाव. आग्रहाची जिलबी अर्धी गिळून ते थांबले आणि शांतपणे म्हणाले, "पुढे सरकत नाहीये." करमरकरांच्यात, म्हणजे मुलाकडच्यांत, मामांनी हात धुतल्याशिवाय पंगत उठत नाही. त्यामुळे सगळं कार्यालय उष्ट्या हातांनी बसून राहिलं.

अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, चेहरा पार उतरला. मुलीचा बाप तो. "मामा असे अर्ध्या पानावरून उठले तर माझ्या ऋजुताला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल," तो माझ्या कानाशी म्हणाला. खरंच होतं ते. आम्ही मुलीकडचे, नाहीतर मी त्या करमरकरांना दोन शब्द सुनावलेच असते.

पंगतीत डॉक्टर सुलभा खाडिलकर होत्या. त्यांनी मामांच्या पोटाला कान लावला.

"मानपानाचं आहे," त्या म्हणाल्या. "आमंत्रण फक्त मामांना गेलंय. आतड्याला वेगळी अक्षत नाही."

"मामांना बोलावलं म्हणजे त्यात आतडं आलंच की!" मी म्हणालो.

"नाही येत. हातपाय मामांचं ऐकतात. आतड्याचा स्नायू कुणाचंच ऐकत नाही, आपणहून चालतो. घासाच्या मागे आवळतो, पुढे सैल पडतो, की घास सरकला. मामा झोपले तरी ह्याचं काम चालूच. असल्यांना स्वतंत्र मान लागतो."

चूक आमचीच. अण्णानं शाल आणि नारळ आणला, मामांच्या बेंबीच्या जरा वर अक्षता ठेवल्या आणि हात जोडले. "अनवधानानं राहून गेलं. पोटात घालावं."

"नारळ नको," आतडं म्हणालं. आवाज खर्जातला, पण सभ्य होता. "आग्रह मामांना होतो, 'हो' मामा म्हणतात, ओढायचं मात्र मी. एकदा मला विचारा."

वहिनी सकाळपासून जिलबीचं ताट घेऊन फिरत होत्या. त्या पुढे झाल्या आणि वाकून पोटाला म्हणाल्या, "एक वाढू?"

"नको. पुरे."

वहिनींनी हात मागे घेतला. करमरकर मंडळी एकमेकांकडे बघत राहिली, कारण 'नको' म्हटल्यावर वाढलं नाही असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आत गुडगुड झाली, जिलबी सरकली. मामांनी हात धुतले आणि पंगत उठली. अण्णाला रडू आवरेना.

निघायच्या आधी ऋजुता मामांच्या पाया पडली. मग उठताना पोटाशी थांबून तिथेही नमस्कार केला.

"सुखी राहा," आतडं म्हणालं. "एक सांगू? कुणी न सांगता सगळं करत राहू नकोस. चाललंय म्हटल्यावर कुणी विचारत नाही."

"बरं," ऋजुता म्हणाली.

वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी जिलबीचं ताट अण्णाच्या हातात दिलं आणि एका रिकाम्या पानावर जाऊन बसल्या.

"वाढा," त्या म्हणाल्या.

पानात मीठ कुठे वाढतात, हे अण्णानं मला हळूच विचारलं. मला माहीत नव्हतं. करमरकरांच्या पुरुषांपैकीही कुणाला माहीत नव्हतं. वहिनींना माहीत होतं. पण त्या नुसत्या बसून राहिल्या.