वन्स मोअरचा अर्ज

एका जंगलात, नदीच्या वाळूवर, एक टिटवी राहत होती. तिचं नाव मथुरा. नाव नीट लक्षात ठेवा बाळांनो, कारण जंगलात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. "ओरडली मेली," एवढंच म्हणत.

टिटवी ओरडली की अपशकुन, असं तिथल्या सगळ्यांचं मत होतं. मथुरानं चोच उघडली की सशीण पिलांना बिळात ओढायची. हरणं निघालेली असली तरी जाणं उद्यावर ढकलायची. आता तुम्हीच सांगा, तिचा गुन्हा काय? बिचारीची अंडी उघड्या वाळूवर. कुणी जवळ आलं की ती ओरडणारच. तुमची आई नाही ओरडत?

मथुराची एकच इच्छा होती. जन्मात एकदा तरी कुणीतरी आपला आवाज ऐकावा आणि म्हणावं, "पुन्हा म्हण गं बाई."

त्या जंगलात एक हौशी नाट्यमंडळ होतं. दर वर्षी जत्रेला ते 'संगीत पिसाराहरण' करायचं. दुसरं नाटक मंडळाला येत नव्हतं आणि प्रेक्षकांना चालत नव्हतं. नाटक एका कोकीळबुवांनी लिहिलेलं. बुवा कधीच वारले, पण त्यांची पदं जंगलाला तोंडपाठ होती. नायिकेचं काम साळुंकी करायची. तिच्या तिसऱ्या अंकातल्या पदाला हमखास वन्स मोअर पडायचा. ती पुन्हा म्हणायची, पुन्हा वन्स मोअर पडायचा. एका वर्षी तिनं ते पद सहा वेळा म्हटलं, तोवर खलनायकाचं काम करणारं मुंगूस पडद्यामागं झोपून गेलं.

त्या वर्षी जत्रा महिन्यावर आली आणि साळुंकीचा घसा बसला. मंडळाचे चिटणीस विसूभाऊ साळिंदर डोकं धरून बसले. तेव्हा मथुरा हळूच पुढं आली.

"विसूभाऊ, मला येतं ते पद. इतकी वर्षं नदीकाठी मनातल्या मनात म्हणते."

"तू?" विसूभाऊ म्हणाले. मग चार बाजूंना कुणी नाही असं पाहून म्हणाले, "बरं, म्हण."

तिनं म्हटलं. विसूभाऊंच्या अंगावरचे काटे उभे राहिले. काटे त्यांचे नेहमीच उभे राहायचे म्हणा, पण ते भीतीनं. हे काही वेगळं होतं. "काम तुझं," ते म्हणाले.

मथुरा आनंदानं जागच्या जागी दोनदा उडाली. पण जन्मभर बोल खाल्लेली बाई ती. ती म्हणाली, "एक करा विसूभाऊ. सगळं रीतसर होऊ द्या. उद्या काही बिनसलं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटेल. नाटकाचे हक्क ज्याच्याकडे आहेत, त्याची परवानगी घ्या."

"परवानगी?" विसूभाऊंनी हा शब्द शिकारीच्या संदर्भात ऐकला होता, नाटकाच्या नाही. चाळीस वर्षांत मंडळानं कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती. पण मुद्दा बिनतोड होता. घोडं पेंड खातं ते इथं, बाळांनो.

शोध घेता घेता कळलं, की हक्क नरहरपंत कावळ्यांकडे आहेत. दोघं त्यांच्याकडं गेले.

"असं कसं पंत?" विसूभाऊंनी विचारलं. "बुवा तर कोकीळ होते."

"अंडं घालून उडून कोण गेलं? कोकिळा. उबवलं कुणी? आम्ही. किडे आणून कुणी भरवले? आम्ही." पंतांनी मान वाकडी केली. "बुवा आमच्या घरट्यात वाढले. तेव्हा त्यांची पदंही आमच्या घरट्यातली."

"आपण नाटक पाहिलंय का पंत?" मथुरानं विचारलं.

"पाहायचंय काय त्यात? आमचंच आहे."

आता कावळ्याशी वाद घालून उपयोग नसतो. माणूस मेला तरी कावळा शिवल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही. तिथं हौशी नाट्यमंडळाची काय कथा?

विसूभाऊंनी भीत भीत मानधनाचं विचारलं. पंत दुखावले. "आम्ही पैशाला चोच लावत नाही. फक्त अटी पाळा." आणि त्यांनी एक पळसाचं पान पुढं केलं.

पानावर बरंच काही होतं. जाहिरातीत पंतांचं नाव बुवांच्या नावाच्या वर आणि दुप्पट मोठं हवं. पहिल्या रांगेत मधली फांदी पंतांची. नाटकातला एक शब्द बदलायचा नाही. सगळ्यात खाली लिहिलं होतं : प्रत्येक पद एकदाच म्हणावे. वन्स मोअर हा दुसरा प्रयोग समजला जाईल. त्यासाठी वेगळा अर्ज, पंधरा दिवस आधी.

"पण पंत," विसूभाऊ म्हणाले, "वन्स मोअर पडणार की नाही, हे पंधरा दिवस आधी कळणार कसं?"

"ज्याचा स्वतःवर विश्वास असतो, तो आधीच अर्ज करतो."

विसूभाऊंनी मथुराकडं पाहिलं. मथुरानं मान खाली घातली. "राहू द्या," ती म्हणाली. "मला कोण देणारेय वन्स मोअर?"

जत्रेच्या संध्याकाळी सगळं जंगल जमलं. नायिका टिटवी आहे हे कळल्यावर सशिणीनं पिलांचे कान धरून ठेवले. दोन अंक लोक जीव मुठीत धरून बसले. तिसऱ्या अंकात मथुरानं ते पद सुरू केलं. सशिणीनं पिलांचे कान सोडले. हरणं रवंथ करायची थांबली. पद संपलं, आणि पहिल्या रांगेतून एक आवाज आला.

"वन्स मोअर!"

ते नरहरपंत होते. मागोमाग सगळं जंगल ओरडलं. मथुरानं आयुष्यभर वाट पाहिली ती याचीच. तिनं गळा मोकळा करायला मान वर केली, आणि तिला पळसाचं पान आठवलं.

विसूभाऊ पान घेऊन धावत पंतांकडं गेले. "पंत, आपणच मागितला. आता म्हणू द्या तिला."

"ओरडलो तो रसिक म्हणून," पंत डोळे पुसत म्हणाले. "मालकापुढं रसिकाचं काही चालत नाही. अर्ज कुठाय?"

"अहो, आत्ता करतो."

"करा ना. आजपासून पंधरा दिवस."

तोवर लोक कंटाळले. "साळुंकी सहादा म्हणायची," सशीण म्हणाली. "हिला एकदाच पद जमलं तर केवढा तोरा." हरणं उठली. मुंगूस, यंदा जागं असलेलं, घाईघाईनं रंगमंचावर आलं आणि उरलेलं नाटक त्यानं कसंबसं संपवलं. मथुरा पडद्यामागं रडत बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "विसूभाऊ, लिहा तो अर्ज."

पंधराव्या दिवशी मंजुरी आली. भर दुपारी, जत्रेच्या मैदानात, तिसऱ्या अंकातलं पद, एक वेळ. विसूभाऊ आणि मथुरा वेळेवर पोचले. पाहणी करायला पंत आले होते. बाकी चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या जंगलात लांडग्यांनी 'संगीत शेपूटहरण' लावलं होतं आणि सगळे तिकडं गेले होते. नाटक तेच, पदं तीच, पिसाऱ्याच्या जागी शेपूट.

"त्यांना कशी दिलीत परवानगी?" विसूभाऊंनी विचारलं.

"मागितलीच नाही त्यांनी. ज्याचा अर्जच नाही, त्याला नाकारणार कसं?" पंतांनी पंख झटकले. "भले लोक आहेत. संध्याकाळी माझा सत्कार ठेवलाय. चला बाई, आटपा."

मथुरानं रिकाम्या मैदानाकडं पाहिलं. तिला क्षणभर वाटलं, उडून जावं. पण अर्ज मंजूर होता. ती गायली, आणि त्या दिवशीपेक्षा सरस गायली. विसूभाऊंना हुंदका आवरेना. पंतांचे डोळे मिटले, मान डोलू लागली. पद संपलं तरी ते तसेच बसून होते.

"वन्स मोअर," ते हळूच म्हणाले.

मथुरानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. तिला हवं होतं ते तिला दोनदा मिळालं होतं, आणि दोन्ही वेळा याच्याकडून.

"अवश्य पंत," ती म्हणाली. "पंधरा दिवस आधी अर्ज करा."

"अर्ज? मी? कुणाकडं?"

"माझ्याकडं. पद तुमच्या घरट्यातलं असेल. गळा माझा आहे."

आणि ती नदीकडं उडून गेली. पंत बराच वेळ फांदीवर बसून ते पद स्वतःशी म्हणून पाहत होते. जमलं नाही.

तात्पर्य : परवानगी मागून गाणाऱ्याला एक कावळा ऐकतो, न मागता गाणाऱ्याला सगळं जंगल. म्हणून बाळांनो, कुठलीही गोष्ट करण्याआधी मोठ्यांना अवश्य विचारा. म्हणजे मग ती करावी लागत नाही.