परत कधी?

फोटो आठ महिने शिलाईच्या मशीनवर टेकून उभा होता. मास्तरांची बायको गेली त्याच आठवड्यात फ्रेम करून आणलेला. मुलगी फोनवर दर वेळी विचारायची, "बाबा, आई अजून मशीनवरच का?" आज संध्याकाळी ती येणार होती. मास्तरांनी ठरवलं, ती यायच्या आत आई भिंतीवर.

मास्तर शिंपी. कात्री हातात घेतली की कापडाचं सोनं करायचे. पण हातोडी घेतली की आधी स्वतःचा अंगठा ठेचायचे आणि मग समोर येईल ते फोडायचे. हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

ते मागच्या गल्लीतल्या मित्राकडे गेले. मित्र इतका चिकट, की सुई उसनी दिली तरी विचारायचा, "परत कधी?" सगळे त्याला त्याच नावाने ओळखत.

"ड्रिल मशीन दे रे तासाभरासाठी."

मित्राचा चेहरा पांढरा पडला. "कुणाला हवंय?"

"मलाच."

"तुला कशाला? मी येतो ना. मी पाडून देतो भोक."

"बायकोचा फोटो आहे. माझ्याच हाताने लावणार."

मित्र आत गेला. त्याने काळं ड्रिल आणून दिलं आणि नवल म्हणजे 'परत कधी' विचारलंच नाही. नुसतं म्हणाला, "सांभाळ रे बाबा."

मास्तर स्टुलावर चढले. टेपने भिंत अशी मापली की जणू तिला कोटच शिवायचा होता. खूण केली, बटण दाबलं. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे हे त्यांना माहीत होतं. तिथला पाइप याच भिंतीतून जातो हे माहीत नव्हतं. भोकातून कारंजं उडालं ते थेट तोंडावर. मास्तर एवढे हादरले की बटण सोडायचं सोडून त्यांनी ते आणखी घट्ट दाबलं. फट्ट! दिवे गेले. ड्रिल हातातून सुटलं आणि फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

मास्तरांनी भोकात बोट घातलं. आता बोट काढावं तर पूर, न काढावं तर मदतीला कोण बोलावणार?

मदत आपणच वर आली. खालचे वकील दारात उभे होते, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. "मास्तर! माझं छत गळतंय!"

"वकीलसाहेब, मला इथून हलता येत नाही!"

तेवढ्यात वकिलांच्या मागून मित्र धावत आत शिरला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो तासभर जिन्यातच बसून होता. त्याने न्हाणीघरात जाऊन पाणी बंद केलं आणि ड्रिलचे तुकडे बघून कपाळाला हात लावला.

"नवीन घेऊन देतो," बोट काढून स्टुलावरून उतरत मास्तर म्हणाले.

"नको."

मास्तरांना पाण्यापेक्षा या 'नको'चा धक्का मोठा बसला. "नको? तू म्हणतोस, नको?"

"असं कसं नको?" वकील मध्ये पडले. "उसनी वस्तू मोडली तर वापरणाऱ्याने भरून द्यावी. आणि माझं छतही त्यांनीच रंगवून द्यावं."

"छताचं मी बघतो," मित्र पुटपुटला.

मास्तरांचा आवाज चढला. "आठ महिने हेच चाललंय! न्हावी पैसे घेत नाही, वाणी घेत नाही. आता तूसुद्धा? अरे, बायको गेली माझी. मी भिकारी नाही झालो!"

"तसं नाही रे..."

"मग कसं?" मास्तरांनी रागाने ड्रिलचा तुकडा उचलला आणि ते तसेच थांबले. काळा रंग खरवडला होता आणि खालून हिरवा रंग दिसत होता. "हिरवं? माझं ड्रिल हिरवं होतं. सहा वर्षांपूर्वी आणलं आणि तिसऱ्याच दिवशी चोरीला गेलं!"

तेवढ्यात दारात मुलगी आली. तिने पाणी बघितलं, भोक बघितलं, बापाच्या हातातला तुकडा बघितला, आणि बॅग तिथेच टाकून ओरडली, "काका! हे बाबांच्या हातात कुणी दिलं? आईने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मित्राने एकदाचा श्वास सोडला. "वहिनींनीच आणून दिलं होतं. म्हणाल्या, यांच्या हाती राहिलं तर घर राहणार नाही. रंगही त्यांनीच द्यायला लावला. आणि मी जर कधी तुला दिलंच, तर होईल ते नुकसान मी भरायचं, अशी शपथ घेतली माझ्याकडून."

मास्तर स्टुलावर बसले. "मला म्हणाली, दार उघडं होतं, खालून कुणीतरी आलं असेल."

"खालून?" वकिलांनी चष्मा काढला. "खाली तर मी राहतो. म्हणजे सहा वर्षं तुम्ही जिन्यात तोंड फिरवत होता, ते म्हणून?"

मास्तरांनी बायकोच्या फोटोकडे बघितलं. काचेवर थेंब उडाले होते. त्यांनी ते शर्टाच्या बाहीने पुसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मुलगी घाबरून पुढे आली; बघते तर बाबा हसत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

मित्राने ड्रिलचे तुकडे गोळा केले आणि पिशवीत भरून तो हळूच दाराकडे निघाला.

"कुठे नेतोस?" मास्तरांनी विचारलं.

"दुरुस्त करून आणतो."

"परत कधी?"

मित्राने मशीनवरच्या फोटोकडे बोट केलं. "ते त्यांना विचार."