गुरे दुपारीच घरी येतात

आपली बासरी कुणीही ऐकू नये असे ज्याला वाटते, आणि ती सर्वांनी ऐकावी असेही ज्याला मनातून वाटते, त्याने काय करावे? भल्याभल्यांना हा पेच सुटला नसेल. मी मात्र तो दोन हजार आठ साली मुरबाडच्या एका सायबर कॅफेत बसून सोडवला! उत्तर अगदी सोपे होते. आपले संगीत संपूर्ण जगाला देऊन टाकावे. जग फार मोठे असते, आणि मुख्य म्हणजे त्यात आपले गाव नसते!

माझा स्वभाव आपल्याला ठाऊक नाही म्हणून सांगतो. एसटीत कंडक्टरला 'थांबवा' म्हणायच्या संकोचाने मी कित्येकदा टोकावड्यापर्यंत पुढे जाऊन गावी चालत परतलो आहे. मुरबाडच्या छापखान्यात लग्नपत्रिका तपासण्याचे काम मी पत्करले, तेही त्यात कुणाशी बोलावे लागत नाही म्हणून. अशा माणसाने चारचौघांत बासरी वाजवणे म्हणजे गोगलगायीने शंखाबाहेर येऊन भाषण करण्यासारखे होते. मी वाजवत असे तो माळाच्या पलीकडच्या उतारावर, जिथे वाळलेल्या गवताखेरीज कुणी मान डोलावत नाही.

बासरीचे वेड मला नामादादाने लावले. नामादादा आमच्या गावाचा गुराखी. त्याच्या आजोबांपासून गावची गुरे त्यांच्याच घराकडे. सुगीला घरोघरचे भात त्यांना मिळे. दिवस कलला की तो माळावरच्या खडकावर बसून पाव्यावर एक लहानशी धून वाजवी. तिच्यात चुलीचा धूर होता, दारातल्या कंदिलाचा उजेड होता, आणि कुणीतरी आपली वाट पाहत असल्याचा भास होता. ती ऐकताच गुरे माना वर करत, क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबत आणि आपण होऊन उतार उतरू लागत. धोंडूबाईची तांबू धोंडूबाईच्या दारात, आमची कपिली आमच्या दारात. हाक नाही, काठी नाही. लहानपणी मी त्या गुरांच्या मागून चालत येई, आणि मलाही वाटे की ही धून ऐकल्यावाचून आपल्यालाही घर सापडणार नाही.

पुढे मी स्वतःची एक रचना बांधली. आरंभी नामादादाची धून, देवाला नमन करावे तशी. आणि तिच्यातून हळूहळू उमलत जाणारी माझी उदास, संथ सुरावट. ती मी माळापलीकडच्या त्या उतारावर मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रित केली आणि सायबर कॅफेच्या जगनकडे गेलो.

"नाव काय टाकू?" जगनने विचारले.

"नाव नको."

"असं कसं? बिननावाची ती साइट घेतच नाय."

"मग... एक वाटसरू."

"बरं. आडनाव?"

"जगन, वाटसरूला आडनाव नसते."

"फोटो लावू तुझा? जरा केस विंचर."

"फोटो नको! कुणाला कळता कामा नये!"

जगनने माझ्याकडे करुणेने पाहिले. "पद्या, म्हणजे मांडव घालायचा, जेवणावळ मांडायची, नि नवऱ्याने माळ्यावर लपून बसायचं!"

दोनदा वीज गेली. तिसऱ्या खेपेस ती फाईल एकदाची जगात पोहोचली. त्या संध्याकाळी मला सारे आकाश आपला श्रोता वाटू लागले.

आणि मग मी वाट पाहू लागलो. छापखाना सुटला की मी कॅफेत जाऊन ते पान उघडी. 'ऐकणारे: शून्य.' शून्य हा आकडा इतका वाटोळा आणि इतका रिकामा असतो, हे मला शाळेत कुणी शिकवले नव्हते. आठवडे गेले. आणि एके दिवशी तिथे चक्क 'एक' दिसला!

एक! मी धुंद झालो. कोण असेल? कुठल्या तरी बर्फाळ देशात, खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसलेले कुणीतरी असेल! ज्याला माझी भाषा येत नाही, पण माझी उदासी कळते...

"मीच ऐकली ती काल," जगन शेजारून म्हणाला. "लई रडकी हाय रे! पण मोबाईलवर झकास वाजते."

"मोबाईलवर?"

"मग? मेमरी कार्डात गाणी भरून देतो ना मी. तुझीपण टाकली. 'बासरी सॅड नवीन' नाव दिलं. तुमच्या गावची समदी पोरं रिंगटोनला घेऊन गेली! नाव नाय सांगितलं कुणाला, शपथ!"

मला घेरी यायची बाकी राहिली. पण खोटे कशाला बोलू, त्या घेरीतही कुठेतरी गोड गुदगुल्या होत होत्या. पोरांनी धून घेतली होती! माझी!

दुसऱ्या दिवशी छापखान्याला सुट्टी होती. तुळशीची लग्ने आटोपून गावात लग्नांचा हंगाम सुरू झाला होता, भात कापलेल्या शेतांत वाल उगवला होता, आणि नामादादा गुरे घेऊन नुकताच माळावर गेला होता. त्या पोरांतला भाविक वालाच्या बांधावर उभा होता. भाविकने नवा चायना मोबाईल घेतला होता. त्याचा आवाज मोबाईलचा कमी आणि कर्ण्याचा जास्त. तो मोबाईल वाजला.

माळावर गुरांनी माना वर केल्या. क्षणभर विचारात पडली. आणि निघाली!

"नाम्या!" धोंडूबाई अंगणातून कडाडली. "अजून सकाळची चूल इझली नाय, नि गुरं घरा आणलीस?"

"मी नाय आणली गो मावशी!" नामादादा धापा टाकत मागून येत होता. "त्यांची तीच आली!"

"त्यांची तीच? मंग तू कशाला ठेवलाय? शोभेला?"

नामादादाने गुरे वळवली आणि पुन्हा माळावर नेली. पण आता गावात ही बातमी झाली होती, आणि बातमी झाली की माणूस काय करतो? फोन करतो!

"हॅलो, तुझी गाय आली काय रे घरा?" असे विचारायला एकाने दुसऱ्याला फोन लावला. दुसऱ्याच्या खिशात माझी बासरी वाजली. गुरे आली! ती आल्याचे सांगायला दुसऱ्याने तिसऱ्याला फोन लावला. नुकतीच वळवलेली गुरे पुन्हा आली! नामादादाच्या मदतीला माणसे बोलवावीत म्हणून कुणीतरी चौघांना फोन केले, आणि चारही दिशांनी एकाच वेळी संध्याकाळ झाली! बिचारी गुरे माळ ते गोठा अशा खेपा घालू लागली. जणू साऱ्यांनी महिन्याचा पास काढला होता. आमची कपिली तर शेवटी मध्येच उभी राहिली आणि दूर कुठेतरी पाहू लागली. अशी नजर मी फक्त आरशात पाहिली आहे.

त्याच दिवशी गावातल्या संजीवनीची हळद होती, आणि तिच्या दारातला मांडव बरोबर गुरांच्या वाटेवर होता. दुपारी पाहुण्यांतल्या एका मामाचा मोबाईल खणखणला. त्यानेही आमच्या पोरांकडून ती धून उतरवून घेतली होती! मांडवात आधी धूळ आली, मग शिंगे. बायका पाटांवर चढल्या. धोंडूबाईची तांबू मात्र शांतपणे पुढे झाली आणि तिने नवरीच्या गालावरची हळद चाटली.

"शकुन चांगला हाय!" एक म्हातारा म्हणाला.

"शकुन गेला खड्ड्यात!" संजीवनीची आई ओरडली. "हळद संपली ना समदी! नाम्याला बोलवा!"

मी पाण्याच्या पिंपामागे उकिडवा बसलो होतो. कारण मला कळले होते, आणि मला एकट्यालाच कळले होते. गावाच्या कानांना ते 'मोबाईलचं गाणं' होते. नामादादाची धून त्यांनी रोज ऐकली होती, पण कधी कान देऊन ऐकली नव्हती. कान दिले होते ते फक्त गुरांनी.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर गाव जमले. सरपंच भगीरथकाका मधोमध बसले. गुरे नामाकडून काढून शेजारच्या पाड्यातल्या कुणाला तरी द्यावीत असे ठरत आले होते. नामादादाने विरोधसुद्धा केला नाही.

"गुरं माझं ऐकत नाय," तो खाली मान घालून म्हणाला. "आज्यापास्नं आमी राखली. आता ऐकत नाय, तं मी तरी कुठल्या तोंडानं मागू?"

ते मला ऐकवेना. मी उठून उभा राहिलो. सारे गाव माझ्याकडे पाहू लागले, आणि त्याबरोबर मला येत असलेली मराठी भाषा संपली.

"मी," मी म्हणालो.

"मी काय?" भगीरथकाका.

"मी... ते... म्हणजे मी."

"याला पाणी द्या रे कुणी!"

"सकाळपास्नं जेवला नाय वो," माझी आई काळजीने म्हणाली. "पिंपामागं बसला होता नुस्ता."

शब्द येईनात, तेव्हा मी सदऱ्याआडून बासरी काढली. डोळे मिटले आणि नामादादाची धून वाजवली.

गुरे तेव्हा गोठ्यात बांधलेली होती. घरी असलेल्याला 'घरी ये' म्हटल्यावर त्याने काय करावे? ती दावी तोडून बाहेर आली, अंगणात उभी राहिली आणि आपल्याच घराकडे संशयाने पाहू लागली, की हे नाही तर मग कोणते?

ओट्यावरच्या साऱ्या माना गुरांकडून माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे माझ्या मोबाईलात पद्या वाजतो?" भाविक किंचाळला.

नामादादा उठून माझ्यासमोर आला. "माझी हाळी तू डब्यात भरलीस व्हय रे? मला इचारायचंस तरी!"

"दादा," मी कसाबसा म्हणालो, "ती फक्त नमनाला घेतली होती. पुढचे माझे आहे."

"काढा रे ती मोबाईलातनं!" भगीरथकाका गरजले. "गुरं नामाकडंच ऱ्हातील."

पण पोरे ऐकेनात. नवे गाणे, नवा मोबाईल! शेवटी तोड निघाली: जगनने सुरुवातीची नामादादाची धून कापून टाकावी आणि उरलेले माझे स्वतःचे तेवढे ठेवावे. मात्र त्या उरलेल्याने गुरे उधळणार नाहीत, याची आधी खात्री करून घ्यावी. सकाळी, माळावर, सगळ्यांच्या देखत!

त्या रात्री मी झोपलो नाही. मला भीती वाटत नव्हती, हेच नवल होते. मला आशा वाटत होती. नामादादाच्या धुनेने गुरे घरी येतात. मग माझ्या धुनेने निदान एखादे वासरू कान टवकारणार नाही का? एकाच जिवाने एकदाच मान वर करावी. मला दुसरे काही नको होते.

सकाळी माळावर दव होते. गुरे चरत होती. पलीकडे सारे गाव श्वास रोखून उभे होते, हातांत काठ्या घेऊन. मी वाजवू लागलो. आयुष्यात इतके चांगले मी कधी वाजवले नव्हते. सूर गवतावरून धुक्यासारखे सरकत गेले, माझे मलाच भरून आले, आणि शेवटचा स्वर विरेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

उघडले तेव्हा तांबू चरत होती. कपिली चरत होती. एक म्हैस माझ्याकडे पाठ करून बसली होती. एकाही शेपटीचा ताल चुकला नव्हता.

आणि गावाने टाळ्यांचा कडकडाट केला!

"कायपण झाला नाय!" भाविक आनंदाने नाचू लागला. "एक नंबर, पद्या!"

"पास!" भगीरथकाकांनी जाहीर केले. "खुशाल लावा रे पोरांनो!"

ती माझ्या आयुष्यातली पहिली टाळी. मी वाकून नमस्कार केला. दुसरे करणार तरी काय? लोक पांगले, तसा नामादादा जवळ आला आणि त्याने मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज येत जा रे वाजवायला," तो म्हणाला. "गुरं कशी निवांत चरतात बघ. तुझं ऐकतच नाय ना!"

तेव्हापासून मी रोज जातो.